धाकटी आणि माझी कोंबडी

आमच्या धाकटीबद्दल कुणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि मी कान देऊन ऐकत आले आहे. घरात आल्या आल्या तिने सासूबाईंना जिंकलं, मग खाली कारखान्यात करवतीवर काम करणाऱ्या कारागिरांना, मग आमच्या ह्यांना, मग माझ्या पोटच्या मुलीला, आणि शेवटी ज्यांना कुणीच कधी जिंकू शकलं नव्हतं त्या बाबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना. राहिले मी. माझ्यावरही तिने प्रयत्न केले, नाही असं नाही. पण सगळ्यांना आवडणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. आवडायला माणसात काहीतरी खोट लागते.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ. बाबा मला ‘थोरले’ म्हणून हाक मारतात आणि तिला ‘धाकटे’ म्हणून. ‘धाकटे’ म्हणताना त्यांचा आवाज जरा मऊ होतो. हे फक्त तुलाच ऐकू येतं, असं आमचे हे म्हणतात. बरोबर आहे. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं.

आमचा धंदा लहान मुलांच्या पझलचा. छापलेलं चित्र लाकडाच्या फळीवर चिकटवायचं, फळी बारीक करवतीने वेडीवाकडी कापायची आणि मुलांनी ते तुकडे परत जुळवायचे. खाली कारखाना, वर घर, आणि जिन्याच्या वळणावर एक खोली, ती चित्रांची. तिथे दिवसभर करवतीची घरघर ऐकू येते आणि सरसाचा वास असतो. लग्न होऊन आले तेव्हा चित्रं बाहेरून विकत आणायचे. मी एकदा जेवताना सहज म्हटलं, ही मांजर आहे की उशी? बाबा म्हणाले, मग तू काढ. मी काढली. तेव्हापासून ती खोली माझी.

तिथे मी काय काय काढलं! माकडं, होड्या, आगगाड्या, भोपळे. पण कोंबडी ती कोंबडी. तपकिरी, जाडसर, एक पाय उचललेला, आणि मागून कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवलेली. कागदावर तिला मी कधी काढलंच नव्हतं, सरळ कॉम्प्युटरवर पेनने काढली, एका बैठकीत, एकही रेघ न पुसता. अशी रेघ माणसाच्या हातून नेहमी येत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, आता अशाच येत राहतील. माल घेऊन जाणारे दुकानदार आम्हाला आजही ‘कोंबडीवाले’ म्हणतात. बाबांना ते आवडत नाही. मला फार आवडतं.

आता चित्र काढून झालं की ते सेव्ह करावं लागतं, आणि सेव्ह कशात करायचं हा प्रश्न आमच्याकडे कधी पडलाच नाही. जेपीजीत. छापखान्याचं जुनं मशीन जेपीजी घ्यायचं, फाइल हलकी व्हायची, पाठवायला सोपी. बाबांचा दंडक होता, फाइल हलकी पाहिजे. बरं, दर वर्षी दुकानदारांना काहीतरी नवीन लागायचं. यंदा कोंबडी हिरव्या गवतावर, पुढच्या वेळी निळ्या आभाळाखाली, मग पिवळ्या भिंतीपुढे. जेपीजीत चित्रामागची जागा रिकामी ठेवताच येत नाही, कोंबडीच्या मागे काहीतरी चिकटलेलं असतंच. मग मी काय करायची, तीच फाइल उघडायची, कोंबडीच्या कडेकडेने जुना रंग खोडायची, नवा भरायची, आणि त्याच नावाने परत सेव्ह करायची. कोपऱ्यातली जुनी भांडी तीच घासून परत वापरावीत तसं. इतकी वर्षं केलं आणि कुणाची तक्रार आली नाही.

मग धाकटी आली. तीही चित्रं काढते हे लग्न ठरताना कळलं होतं, पण मला वाटलं, काढत असेल फुलंबिलं. बाबांनी माझ्या खोलीत दुसरं टेबल टाकलं. ‘माझ्या खोलीत’ हे शब्द मी तेव्हापासून मनातल्या मनात म्हणते.

तिची काम करायची तऱ्हा बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खुर्चीवर मांडी घालून बसायची. पेन कानामागे खोचायची आणि मग घरभर शोधत फिरायची. काढताना चित्राशी बोलायची, “थांब हां, तुझं शेपूट जरा वर घेऊ या.” आणि सगळं लेयरमध्ये. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. हत्तीचे कान एका कागदावर, सोंड दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाला नाव दिलेलं. प्रत्येक नावापुढे एक छोटा डोळा. त्यावर टिचकी मारली की तो कागद दिसेनासा होतो, परत मारली की दिसतो. कान नको असले तर कान मिटवायचे, बाकी हत्ती शाबूत. मी म्हणायची, ज्याला धड काढता येतं त्याला इतके कागद कशाला लागतात? मोठ्याने नाही म्हणायची. पण चेहऱ्याने म्हणायची.

एकदा ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. म्हणाली, “ताई, एक विचारू? तुम्ही काम चालू असतानाही जेपीजीतच सेव्ह करता?”

“मग?”

“नाही, म्हणजे… जेपीजी फोटोला ठीक आहे. फाइल लहान करायला ती दर वेळी चित्रातलं थोडं थोडं गाळते. आपल्या चित्रात सपाट रंग आणि ठळक रेघा, तिथे ते लगेच दिसतं. मी लेयरची फाइल तशीच ठेवते, आणि छापायला देताना पीएनजी काढते. त्यात काही गळत नाही. मागची जागाही रिकामी राहते.”

“आणि फाइल केवढी होते?”

“मोठी होते.”

“बघ,” मी म्हटलं.

ती नुसती हसली. तिचं ते हसणं म्हणजे मला तोंडात मारल्यासारखं वाटतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे तिचा हत्ती आला. लोकांना आवडला. मलाही आवडला, आणि म्हणूनच मला रात्रभर… जाऊ दे. हत्ती खरंच चांगला होता. कानात वारं शिरलेला, खुळ्यासारखा आनंदी. माझी मुलगी हत्तीचा पझल घेऊन झोपायला लागली. माझी मुलगी! जिच्या पाळण्यावर मी कोंबडी टांगली होती.

तर अशात एक दिवस वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांच्या वाचनालयात मुलांसाठी नवीन दालन होणार होतं आणि तिथे जमिनीवर अंथरायचा एक प्रचंड पझल हवा होता, अख्खी खोली व्यापेल एवढा, एकेक तुकडा मुलाला दोन्ही हातांनी उचलायला लागेल असा. बाबांनी हत्ती दाखवला. बाईंनी बघितला, छान म्हणाल्या, आणि विचारलं, “ती कोंबडी आहे ना तुमची? मान वळवलेली? मला ती हवीय.”

धाकटी माझ्याकडे बघून इतकी हसली की जणू तिचंच चित्र निवडलं होतं. मी मात्र त्या दिवशी जिना उतरताना गुणगुणत होते, असं आमचे हे सांगतात.

कोंबडी मोठी केली आणि गुणगुणणं थांबलं. पुस्तकाएवढ्या फळीवर जे कधी दिसलं नव्हतं ते सगळं आता भिंतीएवढं होऊन समोर आलं. तपकिरी पंखावर चौकोनी चौकोनी डाग. चोचीच्या कडेला मळकट ठिपक्यांची झालर. उचललेल्या पायाभोवती जुन्या हिरव्याचे, निळ्याचे, पिवळ्याचे कण, कुठल्या कुठल्या वर्षांचे. डोळ्याचा काळा ठिपका फुटून राखाडी झालेला. बिचारीला गोवर आल्यासारखा दिसत होता. जुनी फाइल कुठे शिल्लक नव्हती, कारण मी दर वेळी तिच्यावरच नवी चढवली होती.

बाबा बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिले. मग म्हणाले, “थोरले, शनिवारी छापायला द्यायचंय. तोवर कोंबडी स्वच्छ झाली तर कोंबडी. नाहीतर बाईंना सांगू, हत्ती घ्या.”

म्हणजे माझी कोंबडी जाणार आणि त्या जमिनीवर, वाचनालयात, सगळ्या गावाच्या मुलांच्या पायांखाली, धाकटीचा हत्ती पसरणार. मग ‘हत्तीवाले’ म्हणतील आम्हाला. आणि मला त्या खोलीत टेबल तरी कशासाठी राहील?

मी दार लावून घेतलं. धाकटीचे शब्द डोक्यात होते, पीएनजीत काही गळत नाही. मग काय, मी कोंबडी उघडली आणि पीएनजीत सेव्ह केली. फाइल चांगली जड झाली. मला वाटलं, आलं सगळं परत. मोठी करून बघते तर तेच डाग, तीच झालर. परत केली. तेच. शेवटी नाक मुठीत धरून धाकटीला हाक मारली.

ती आली, बघितलं, आणि हसली नाही, एवढं तिचं कबूल करते. “ताई, जे आधीच गेलंय ते पीएनजी कुठून आणणार? आहे ते ती जसंच्या तसं जपते. डागसुद्धा.”

“म्हणजे आता घाण जपून ठेवली मी.”

“हो,” ती म्हणाली. मग म्हणाली, “सोपं आहे. मोठा कागद घ्यायचा, ही जुनी कोंबडी खाली फिकट करून ठेवायची, आणि वरच्या लेयरवर नव्याने गिरवायची. मी करू का?”

“माझी कोंबडी मी गिरवू? माझीच? मी ती परत काढेन. हाताने.”

“मग मी आपली एक गिरवून ठेवते, लागलीच तर.”

लागलीच तर! मी दिवसभर त्या दोन शब्दांवर जळत होते.

मग आम्ही दोघी आपापल्या टेबलावर बसलो, एकमेकींकडे पाठ करून. तिने कपाटातून कोंबडीचा एक अगदी जुना लाकडी पझल काढला आणि शेजारी जुळवून ठेवला, डागांखालची रेघ नेमकी कुठून गेली होती ते बघायला. मी काही बघितलं नाही. मला कशाला बघायला पाहिजे? मान, पाठ, शेपूट, पाय. काढली. बरी नव्हती. पुसली. परत काढली. धाकटीने दिलेल्या सल्ल्यातला एवढा एक मी गुपचूप मानला होता की लेयर केले होते, त्यामुळे पाय बिघडला तर पायच पुसायचा. पण पाय पुसता पुसता मला कळेना की बिघडलंय कुठे. सगळं जागच्या जागी होतं. तरी ती कोंबडी कुणी हाक मारली म्हणून वळत नव्हती. फोटो काढायला उभी केल्यासारखी मान वळवून थांबली होती.

आणि मला त्या वेळी धाकटीचा नाही, तर त्या बाईचा हेवा वाटला, जिने ही कोंबडी एका बैठकीत काढली होती. नवीन लग्न झालेली, सासऱ्यांना मांजर आणि उशी सुनावणारी, काय करतोय हे न कळता रेघ ओढून मोकळी होणारी. ती बाई मीच होते, पण त्याने काही हेवा कमी होत नाही. उलट वाढतोच.

पाठीमागे धाकटी कोंबडीशी बोलत होती. “अगं वळ की. हां. अशी.”

शनिवारी सकाळी दोन्ही कोंबड्या मोठ्या कागदावर छापून आम्ही कारखान्यातल्या जमिनीवर अंथरल्या. करवत थांबली. कारागीर बाजूला उभे राहिले. कुठली कुणाची ते बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते एकीच्या भोवतीने फिरले, मग दुसरीच्या. मग दुसरीच्या पायापाशी उकिडवे बसले आणि पंखावर तळहात ठेवला.

“ही,” ते म्हणाले. “ही आपल्या थोरलीची. लगेच कळतं. ती दुसरी, धाकटे, तुझी का? चांगली उतरवलीस, पण थोरलीचा हात तो थोरलीचा हात.”

ज्या कोंबडीवर त्यांचा तळहात होता ती धाकटीने गिरवलेली होती.

मी धाकटीकडे बघितलं. ती बाबांकडे बघत होती, आणि क्षणही न घालवता म्हणाली, “हो बाबा. ताईंचीच ती.”

तिने माझ्याहून चांगली रेघ ओढली हे मी गिळलं असतं. लोक काय, मुलगी काय, खोली काय, सगळं गिळलं असतं. पण तो ‘हो’! किती सहज दिला तिने, जेवताना आपल्या पानातलं दुसऱ्याला वाढावं तसा. मला तो घेणं शक्य नव्हतं. मी खरं बोलले ते काही फार खरेपणाने नाही. नुसत्या जळफळाटाने बोलले.

“ती माझी नाहीये,” मी ओरडलेच. “ती हिची आहे. माझी ती तिकडची.”

बाबा उठले, गुडघे धरत धरत, आणि माझ्या कोंबडीपाशी गेले. त्यांनी ती चांगली निरखली, मघापेक्षाही जास्त वेळ.

“ही पण चांगली आहे,” ते म्हणाले.

मला रडू आलं असतं, पण कारागीर बघत होते.

“मग कुठली पाठवायची?” बाबांनी विचारलं. “कोंबडी तुझी आहे, थोरले. तू सांग.”

धाकटी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. ती एक शब्द बोलली असती तरी मी माझी कोंबडी पाठवली असती. ती बोलली नाही. आणि मला खाली दोन कोंबड्या दिसत होत्या, एक थांबलेली आणि एक वळणारी.

“हिची पाठवा,” मी म्हटलं, आणि जिना चढून खोलीत गेले.

ती मागोमाग आली. तिच्या टेबलावर फाइल उघडीच होती. मी तिच्या खुर्चीत बसले, पहिल्यांदाच. लेयरची नावं वाचली. पाय खालचा, पाय वरचा, चोच, मान, मान जमली. सगळ्यात वर एक लेयर होता, ‘ताई’. उचललेल्या पायाखाली माझी सही होती, जुन्या पझलवर होती तशीच, वळणासकट गिरवलेली.

“ही कधी घातलीस?”

“आत्ता. छापून झाल्यावर, खाली जायच्या आधी. कोंबडी तुमचीच आहे ना, ताई. मी नुसती गिरवली.”

मी ‘ताई’पुढच्या डोळ्यावर टिचकी मारली. माझी सही गेली. कोंबडीला काही झालं नाही. पाय तसाच उचललेला, मान तशीच वळलेली, एक पीस इकडचं तिकडे झालं नाही. मी परत टिचकी मारली, सही आली. परत मारली, गेली. जेपीजीत असती तर माझी सही काढताना पायाची बोटं तरी खरवडली गेली असती.

“जेपीजीत सेव्ह कर,” मी म्हटलं.

“अहो ताई, डाग पडतील.”

“पडू देत. पण नाव तरी निघणार नाही कुणाला.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून माझी सही परत आणली. “पीएनजीतही सगळे लेयर एक होतात,” ती हळूच म्हणाली. “नाव नाही निघत. आणि ही लेयरची फाइल तुमच्याकडे ठेवा. मला नको.”

आता अशा बाईचं काय करायचं, सांगा. मी पेन उचललं, तिच्या हातात दिलं.

“तुझंही घाल,” मी म्हटलं. “खाली. पण माझ्याहून लहान.”

ती वाकली, आणि माझ्या सहीखाली तिने आपली सही केली. माझ्याहून लहान. इतकी लहान, की मोठी करून बघितली तरी मुंगी बसल्यासारखी दिसत होती, आणि शेवटी मलाच म्हणावं लागलं, अगं, जरा दिसू दे की.